मुंबईच्या विहिरी आणि मुलांची पाणथरी

हिवताप म्हटला की दलदल, भातखाचरे, खाजणे आणि घाटाखालची राने आठवतात. नळाचे पाणी, गटारे आणि डांबरी रस्ते असलेल्या शहरात हा ताप बाहेरूनच येत असणार, असे आपण धरून चालतो. पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या मोठ्या रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड भरून जातो. काही मुलांना झटके येतात, काही शुद्ध हरपून पडतात, काहींचे हिमोग्लोबिन इतके उतरते की रात्रीतून रक्त चढवावे लागते. मग ‘साथ आली’ अशी बातमी होते, ती ओसरते, आणि पुढच्या वर्षी तेच शब्द पुन्हा छापून येतात. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचल्यावर हे ‘येणे’ मला मान्य करता येत नाही. मुंबईतला हिवताप शहराने आपल्या हाताने बांधलेल्या पाण्याच्या जागांमध्ये वाढला. त्याचा पहिला भक्कम पुरावा मुलांच्या शरीरात सापडला, आणि तो १९११ सालीच छापून झाला होता. रुग्णालयातली गर्दी ही त्या गोष्टीची अगदी शेवटची पायरी आहे.

आधी डासाविषयी. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली ती १८९७ च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०१ साली, वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले विल्यम ग्लेन लिस्टन यांनी ॲनोफेलिस डासांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि एका नव्या जातीचे वर्णन केले. ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ स्टीफेन्स यांच्या नावावरून ती ॲनोफेलिस स्टीफेन्सी झाली. हा डास दलदलीच्या वाट्याला फारसा जात नाही. त्याला स्वच्छ, साचलेले आणि माणसाने बांधून ठेवलेले पाणी लागते: विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, कारंज्याचे कुंड, बांधकामावरचा खड्डा. विहिरीतून बादली काढून पांढऱ्या थाळीत ओतली आणि पाणी निवू दिले, की त्याची अळी ओळखता येते. क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून लोंबते. ॲनोफेलिसच्या अळीला ती नळीच नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, बारीक काडीच्या तुकड्यासारखी आडवी पडून राहते आणि सावली पडताच बुडी मारते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे ज्या विहिरीकडे आठवड्यातून एकदा कोणी फिरकत नाही, ती डासांचीच झाली असे समजावे.

मुंबईत अशा विहिरी कमी नव्हत्या. विहारचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये, तानसाचे १८९२ मध्ये. नळ आले म्हणून कोणी विहीर बुजवली नाही. ती धुण्याभांड्याला, बागेला, पूजेला, आणि नळाने दगा दिलाच तर हाताशी असावी म्हणून राहिली. उपसा मात्र कमी झाला. चार घरांच्या बादल्या दिवसभर ज्यात पडत त्या विहिरीतले पाणी आता आठवडेच्या आठवडे हलेना. दुसरीकडे मजल्यावर मजले चढू लागले तशा पाण्याच्या टाक्याही वर चढल्या. सुधारणेचे प्रत्येक पाऊल स्टीफेन्सीला एक नवी जागा देत गेले. १९०८ साली मुंबई बंदरात हिवतापाची साथ उसळली आणि लिस्टन यांनी तिच्यावर लिहिले. तेव्हा ते परळच्या प्रयोगशाळेत होते आणि पिसू-उंदीर-प्लेग ही साखळी उलगडणाऱ्यांपैकी एक म्हणून ओळखले जात. त्याच सुमाराला बंदरात अलेक्झांड्रा गोदी बांधली जात होती. १९०५ च्या सुमारास सुरू झालेले ते काम १९१४ मध्ये पुरे झाले, आणि आज आपण त्या गोदीला इंदिरा गोदी म्हणतो. खोदकाम, साचलेले पाणी, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले मजूर एका जागी आले की हिवतापाला आणखी काही लागत नाही.

सरकारने चौकशीचे काम डॉ. चार्ल्स बेंटले यांच्याकडे दिले आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. या कामात मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, हे त्यांचे मोठे हत्यार होते. पद्धत त्यांची नव्हती. टी. ई. डेम्प्स्टर यांनी १८४० च्या दशकात दिल्लीकडच्या कालव्यांलगतच्या गावांची आरोग्यपाहणी करताना पाणथरी चाचपून गावातला ताप मोजला होता. डास, परजीवी, यांतले काहीही तेव्हा ठाऊक नव्हते. मुलाला आडवे निजवायचे, गुडघे थोडे वर घ्यायला लावायचे, डाव्या बरगड्यांखाली बोटे टेकवायची आणि त्याला खोल श्वास घ्यायला सांगायचे. निरोगी मुलाच्या बोटांखाली काही लागत नाही. हिवतापाने वारंवार गाठलेल्या मुलाच्या श्वासाबरोबर पाणथरीची कठीण कडा खाली येऊन बोटांना भिडते. रक्ताचा थेंब आज काय आहे ते सांगतो. पाणथरी सबंध गेला मोसम सांगते, कारण ताप उतरल्यावरही ती काही महिने वाढलेलीच राहते. शाळेच्या एका वर्गातली मुले तासाभरात तपासून होतात, आणि त्यांतल्या किती जणांची पाणथरी लागली हे कळले की त्या वस्तीतल्या तापाचे मोजमाप हाती येते. बेंटले यांचा निष्कर्ष नि:संदिग्ध होता. मुंबईतल्या हिवतापाचे मूळ स्टीफेन्सी आहे, आणि स्टीफेन्सीचे घर विहिरी आणि टाक्या आहे.

मुलांच्या शरीरावरून ताप मोजण्याच्या या विद्येला एक क्रूर बाजूही होती. १९०० च्या आसपास रॉबर्ट कॉख यांनी डच ईस्ट इंडीज व न्यू गिनीत, आणि स्टीफेन्स व ख्रिस्टोफर्स यांनी पश्चिम आफ्रिकेत दाखवले की जिथे हिवताप बारमाही असतो तिथे परजीवी प्रौढांपेक्षा लहान मुलांच्या रक्तात फार जास्त सापडतात. या शोधातून मुलांना औषध कसे पोचवावे हा प्रश्न आधी निघायला हवा होता. प्रत्यक्षात सल्ला निघाला तो गोऱ्या माणसाने स्थानिक मुलांपासून दूर घर करावे, असा. सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनच्या टेकडीवर १९०४ साली फक्त युरोपियनांसाठी वसाहत उभी राहिली ती याच विचाराने. आजारी मूल रुग्ण म्हणून दिसायच्या आधी धोका म्हणून दिसले. मुंबईत ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. फोर्टात साहेबाची कचेरी, पारशी शेटजींचा वाडा, हिंदू व्यापाऱ्याची पेढी आणि गड्यांच्या खोल्या एकाच डासाच्या टप्प्यात होत्या, आणि विहीर बऱ्याचदा श्रीमंताच्या अंगणात होती. त्यामुळे मुंबईत निदान पाण्याकडे पाहणे भाग पडले. या शहराच्या वाट्याला आलेला हा एक चांगला योग मी मानतो.

पाणथरीच्या या साक्षीवर पहिला आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो. मुंबईतली निम्मी माणसे गावाकडची. मुले उन्हाळ्यात कोकणात, देशावर जातात आणि तिथून ताप घेऊन येतात, मग दोष शहराचा कसा? एकेका मुलापुरते हे खरे असू शकते. पण ताप गावाहून येत असता तर शहरातल्या ज्या घरांना गावाशी जास्त जाणे-येणे आहे तिथे तो जास्त दिसायला हवा होता. फोर्टातली पारशी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत होती, त्यांची मुले भातखाचरांत जात नव्हती, आणि तरीही तो भाग हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. बाहेरून येणारा माणूस फार तर परजीवी आणतो. तो परजीवी डासाच्या पोटात दहा-बारा दिवस वाढून दुसऱ्याच्या रक्तात जायला डास इथला लागतो, आणि त्या डासाला पाणी इथले लागते. म्हणून मूल हा सर्वांत चांगला साक्षीदार ठरतो. प्रौढ माणूस कुठे कुठे हिंडून आलेला असतो. चार वर्षांच्या पोराचे जग घर, अंगण आणि शाळा एवढेच असते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. त्या काळची मुंबई प्लेगने, देवीने, क्षयाने, १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मरत होती. त्यात हिवतापाचे एवढे कौतुक कशाला? मृत्यूच्या नोंदवह्या पाहिल्या तर हा आक्षेप रास्त वाटतो. पण त्या नोंदी कशा होत असत हेही पाहायला हवे. बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखला नसे, घरच्यांनी सांगितलेले कारण लिहिले जाई, आणि ‘ताप’ या एका रकान्यात विषमज्वर, हिवताप, फुफ्फुसाचा दाह, सारेच जाऊन पडे. १९२१ मध्ये मुंबईचा बालमृत्यूदर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर नोंदला गेला. तो आकडाही जसाच्या तसा घेता येत नाही, कारण अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई किंवा नोंदलाच जात नसे, आणि मूल दगावले ते मात्र मुंबईच्या वहीत लागे. एवढी सूट देऊनही चाळीतल्या बाळाचे आयुष्य किती भयंकर अनिश्चित होते ते झाकत नाही. हिवताप दर वेळी एकटा मारत नाही. तो रक्त आटवतो, आणि पांढरे फटक पडलेले मूल पुढच्या गोवराला किंवा हगवणीला पुरे पडत नाही. वहीत नाव मग गोवराचे लागते. म्हणूनच मला नोंदवहीपेक्षा पाणथरी अधिक विश्वासाची वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला गेला: उपाय ठाऊक होता, पण लोकांच्या धर्मश्रद्धा आड आल्या. बेंटले यांच्या अहवालानंतर विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका अशा नोटिसा निघू लागल्या. डॉ. जे. ए. टर्नर तेव्हा पालिकेचे आरोग्याधिकारी होते. विरोध झाला, यात शंका नाही. पारशी, हिंदू, जैन, प्रत्येकाचे म्हणणे वेगळे होते. कोणाला धर्मकृत्यासाठी उघड्या विहिरीचे, ऊन लागलेले पाणी हवे होते, कोणी विहिरीतल्या देवतेचा किंवा वेताळाचा कोप सांगे, तर विहीर बंद केली आणि घरात माणूस गेले अशी उदाहरणे लोक कळवळून देत. पुढे पालिकेचे पहिले भारतीय आयुक्त झालेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या निमित्ताने गोळा झालेल्या समजुतींवर १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांचे एक सबंध पुस्तकच लिहिले. लोकांना अडाणी ठरवून ते मोकळे झाले नाहीत. पाण्याविषयीची ही भावना जगभर कशी आहे, हे त्यांनी दाखवले. या विरोधाचा निकाल कसा लागला तेही पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी विहिरीला झाकण घालून त्यात तारेच्या बारीक जाळीची उघडझाप करता येणारी खिडकी ठेवण्याची मुभा मिळाली. ऊन आत जाते, दर्शन होते, घागर बुडते, आणि खिडकी लावून घेतली की डासाला वाट राहत नाही. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही पारशी समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि तिच्यावर दिवा लावणाऱ्यांमुळे शहरात हिवताप राहिला असे कोणी म्हणू शकणार नाही. श्रद्धा असलेली विहीर रोज पाहिली जाते. डास होतात ते ज्या विहिरीकडे कोणाचेच लक्ष नाही तिच्यात, आणि मालक-भाडेकरूंच्या वादात झाकण तुटलेल्या टाकीत. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली तेव्हा सतरा वर्षांपूर्वीचाच डास आणि त्याच प्रकारच्या जागा समोर आल्या. मधली वर्षे महायुद्धात, पैशांच्या कुरबुरीत आणि कोर्टकचेऱ्यांत गेली. त्याचे सगळे खापर देवभोळ्या माणसांवर फोडणे अन्याय आहे.

आणि रुग्णालय? परळला, गिरण्यांच्या मुलखात, बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय सुरू झाले ते १९२९ साली. तोवर बेंटले आणि कॉव्हेल यांचे दोन अहवाल छापून झाले होते. म्हणजे मुलांच्या आजाराचे कारण शहराला आधी कळले, आणि त्या मुलांसाठी खास खाटा नंतर आल्या. तरीही पुढच्या काळात सगळी भिस्त खाटांवर आणि औषधांवर गेली, आणि इथे चौथा आक्षेप उभा राहतो: औषध इतके सुधारले आहे की टाक्यांच्या झाकणांची एवढी चिंता कशाला? कोयनेल (क्विनाईन) गेले, क्लोरोक्वीन आले, आता आर्टेसुनेट आहे. औषधाबद्दल कृतज्ञता असलीच पाहिजे, पण गंभीर हिवताप झालेल्या मुलाचे काय होते ते पाहा. फाल्सिपेरम परजीवी शिरलेल्या रक्तपेशी बारीक केशवाहिन्यांना चिकटतात, मेंदूचा रक्तपुरवठा अडतो, साखर धाडकन उतरते, रक्तात आम्ल साठते. सकाळी खेळणारे मूल रात्री बेशुद्ध असू शकते. आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाईन दिलेल्यांपैकी १०.९ टक्के मुले दगावली, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी ८.५ टक्के. हा फार मोठा फरक आहे, त्याने उपचारांची पद्धत बदलली. पण त्याचा अर्थ असाही होतो की उपलब्ध औषधांतले सर्वांत चांगले औषध मिळूनही गंभीर अवस्थेत दाखल झालेल्या बारा मुलांमागे एक मूल गेले. व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचा हिवताप सौम्य असतो, हा जुना दिलासाही या शतकात टिकला नाही. बिकानेरच्या रुग्णालयातून त्याचे गंभीर रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांत मुले होती.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये तो निर्मूलनाचा झाला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले नोंदलेले रुग्ण लाखाच्या आत आले. १९७६ मध्ये तेच चौसष्ट लाखांवर गेले. डीडीटी खेड्यातल्या घराच्या भिंतीवर मारायचे औषध होते. शहरातल्या टाकीला त्याचा उपयोग नव्हता, आणि म्हणून सत्तरच्या दशकात शहरांसाठी वेगळी योजना काढावी लागली. अळ्या मारा, झाकणे लावा, गप्पी मासे सोडा, असा तिचा भर होता, आणि त्यात बेंटले यांना नवे वाटावे असे फार थोडे होते. २०१० मध्ये मुंबईत ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. तेव्हा शहरभर बांधकामे चालू होती, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत होते. तळघराच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर मुरवण्यासाठी साठवलेल्या पाण्यात स्टीफेन्सीला १९०८ ची गोदीच पुन्हा मिळाली. मुंबईत हिवतापाने मरतात ते बरेचसे कामकरी वयाचे पुरुष, मग मुलांचे नाव पुढे का करता, असे कोणी विचारेल. विचारणे बरोबर आहे. शहरात ताप कमी-जास्त होत असल्याने मोठ्यांतही प्रतिकारशक्ती नसते आणि तेही तितकेच उघडे असतात. पण बांधकामावरचा मजूर कुटुंबासह तिथेच राहतो, त्याचे मूल त्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर निजते. शिवाय त्या मुलाचा ताप थेट त्या खड्ड्याकडे बोट दाखवतो, बापाच्या तापाबद्दल निदान वाद घालता येतो.

अचलपूरला ओळखला गेलेला हा डास आता हिंदुस्थानापुरता राहिलेला नाही. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ते ७३ हजारांवर पोचले. २०१६ मध्ये तो इथिओपियात दिसला. आफ्रिकेतला नेहमीचा गॅम्बिए डास पावसाच्या डबक्यांत वाढतो आणि त्याचा मुख्य तडाखा खेड्यांना बसतो. स्टीफेन्सी कोरड्या ऋतूतही शहरातल्या टाक्यांत तग धरतो. म्हणजे ज्या खंडात हिवतापाने मरणाऱ्यांत पाच वर्षांखालची मुलेच सर्वाधिक आहेत, तिथल्या शहरांनाही आता मुंबईचा प्रश्न सोडवायचा आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या हिवतापाविरुद्धच्या आर-२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली, आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली. लशीने अनेक मुले वाचतील, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती टाकीतला डास कमी करत नाही. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ मध्ये कोरड्या ऋतूत साथ उसळली तेव्हा संशोधकांनी दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे पत्ते घेतले, त्यांची घरे आणि विद्यापीठाची वसतिगृहे गाठली, आसपासच्या माणसांचे रक्त आणि साठवलेले पाणी तपासले. जिथे स्टीफेन्सी सापडला तिथे हिवताप झालेली माणसेही जास्त निघाली. मुंबईच्या मुलांच्या वॉर्डातल्या प्रत्येक हिवतापाच्या केसपेपरवर पत्ता असतोच. तो त्याच दिवशी त्या पत्त्याच्या पालिका वॉर्डातल्या कीटकनाशक खात्याच्या माणसाच्या हाती पडावा, आणि त्याने पुढच्या आठवड्याच्या आत त्या घराच्या आणि शेजारच्या बांधकामाच्या टाक्या उघडून पाहाव्यात, एवढी मागणी करायला १९११ चा अहवाल पुरेसा आधार आहे.